हायस्कूलची परीक्षा कॉलेजच्या पहिल्या वर्षाशी कशी जोडायची?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याला आपली हायस्कूलची (तिथे नववी ते बारावी) परीक्षा बदलायची आहे. शिकवलेलं आलं का, एवढंच तिने तपासू नये. विद्यार्थी कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी तयार आहे का, हेही सांगावं. मग नेमकं काय बदलावं लागतं, किती वेळ लागतो आणि याआधीच्या राज्यांचं घोडं कुठे अडलं?

प्रश्नपत्रिका बदलणं हा यातला सोपा भाग आहे. 'तयार' असा शिक्का बसल्यावर कोणतं कॉलेज काय मान्य करणार, हे पहिला प्रश्न लिहायच्या आधी लेखी घ्यावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांचं अडतं. ते घेतलं नाही तर काय होतं ते सरळ आहे. मुलीच्या निकालपत्रावर मे महिन्यात 'कॉलेजसाठी तयार' असं छापून येतं आणि पुढच्या वर्षी कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) दारात तिला पुन्हा वेगळी प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे नेहमीच्या वर्गात बसवायचं की उजळणीच्या ते ठरवणारी परीक्षा, द्यायला बसवतात. तिथे ती 'तयार नाही' ठरते. दोन्ही परीक्षा सरकारी पैशातून चालतात आणि दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

जुन्या एक्झिट परीक्षांकडून ही अपेक्षा ठेवण्यातही अर्थ नव्हता. कॅलिफोर्नियाची हायस्कूल एक्झिट परीक्षा 2006 च्या तुकडीपासून डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, सक्तीची झाली. तिचं गणित सहावी-सातवीच्या अभ्यासक्रमावर आणि पहिल्या वर्षाच्या बीजगणितावर होतं, इंग्रजी दहावीपर्यंतचं. ती पास होणं म्हणजे किमान पातळी गाठणं. 2015 मध्ये ती स्थगित झाली. किमान पातळीची परीक्षा वाईट असते असं नाही. पण तिच्या गुणांवरून कॉलेजच्या गणिताचा अंदाज बांधणं म्हणजे फूटपट्टीने ताप मोजण्यासारखं आहे.

'तयार' म्हणजे किती तयार?

या शब्दाला आकडा चिकटवल्याशिवाय पुढचं काहीच करता येत नाही. सध्या सगळीकडे जवळजवळ एकच पद्धत रूढ आहे: पहिल्या वर्षाच्या, श्रेयांक (क्रेडिट) मिळणाऱ्या कोर्समध्ये 'सी' किंवा वरची ग्रेड मिळण्याची शक्यता 75 टक्के. एसीटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे उंबरठे (इंग्रजी 18, गणित 22, वाचन 22, विज्ञान 23) याच अर्थाचे आहेत. त्यांची मूळ व्याख्या 'बी' मिळण्याची 50 टक्के शक्यता अशी आहे आणि ती 'सी'च्या साधारण 75 टक्क्यांशी जुळते. तशाच दुसऱ्या परीक्षेचे, सॅटचे, 480 (वाचन-लेखन) आणि 530 (गणित) हे आकडेही 75 टक्क्यांवर बेतलेले आहेत. केंद्र सरकारने 2010 मध्ये सामायिक परीक्षा बनवायला दोन राज्यसमूहांना मिळून सुमारे 33 कोटी डॉलर दिले. त्यांपैकी 'पार्क' समूहाच्या परीक्षेची पाचांपैकी चौथी पातळी याच व्याख्येवर ठरली होती.

आता हे नीट वाचा. उंबरठ्यावर बसलेल्या चार मुलांपैकी एक नापास किंवा 'डी' होणार, हे व्याख्येतच गृहीत आहे. आणि उंबरठ्याच्या थोडं खाली असलेल्यांपैकी बरेच जण पास होणार, हेही. पालकांना, पत्रकारांना आणि कधीकधी शिक्षण मंडळाच्या सदस्यांनाही हा उंबरठा भिंतीसारखा वाटतो. प्रत्यक्षात तो एका हळूहळू चढत जाणाऱ्या उतारावर मारलेली खडूची रेघ असतो.

दुसरी गोष्ट: 'सी', पण कोणत्या कॉलेजात आणि कोणत्या विषयात? कम्युनिटी कॉलेजच्या सांख्यिकीतला 'सी' आणि विद्यापीठाच्या कॅल्क्युलसमधला 'सी' यांच्यात बरंच अंतर आहे. म्हणून राज्याने सुरुवातीलाच दोन-तीन 'प्रवेशद्वाराचे' कोर्स निवडावेत आणि बाकीचा मोह सोडावा. बहुतेक राज्यांत ते असे निघतात: पहिल्या सत्राचं निबंधलेखन, कॉलेज अल्जेब्रा आणि प्राथमिक सांख्यिकी. गणिताचे दोन मार्ग वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. नर्सिंग, समाजकार्य किंवा पत्रकारिता घेणाऱ्या मुलीला सांख्यिकी लागते. तिला लॉगॅरिदमच्या समीकरणांवर 'तयार नाही' ठरवणं हा परीक्षेचा दोष, तिचा नव्हे.

मग या कोर्सचा कच्चा माल गोळा करायचा. अभ्यासक्रमाची पानं पुरत नाहीत, कारण ती सगळी सारखीच दिसतात. निदान 15 ते 20 कॉलेजांतून प्रत्यक्ष दिलेले गृहपाठ, सत्रान्त प्रश्नपत्रिका, वाचायला दिलेले उतारे आणि 'बी', 'सी', 'डी' मिळालेले, नावं झाकलेले निबंध मागवावेत. हे ढीग समोर ठेवून हायस्कूलचे आणि कॉलेजचे शिक्षक तीन-चार दिवस एकत्र बसले की दोन्ही बाजूंचे गैरसमज गळून पडतात. हायस्कूलला वाटत असतं की कॉलेजला साहित्याचं रसग्रहण हवंय. कॉलेजच्या ढिगात मात्र दिसतात दोन-तीन माहितीपर लेख वाचून त्यांच्या आधारे लिहायची कामं. गणितातही तसंच. तिथे नवीन सूत्रांपेक्षा जुनीच गुणोत्तरं, टक्केवारी, रेषीय फलनं लांबलचक, अनोळखी मांडणीत येतात आणि मुलं तिथे अडकतात.

संविधान तक्ता

या कच्च्या मालातून परीक्षेचा संविधान तक्ता, म्हणजे ब्लूप्रिंट, निघतो. अकरावीच्या परीक्षेसाठी वाजवी वाटणारी एक विभागणी देतो. ती शिलालेख नाही, पण इथून सुरुवात करता येते. भाषेत एकूण गुणांच्या 25 ते 30 टक्के गुण स्रोतांवर आधारित लेखनाला. बाकी वाचनाला, त्यात माहितीपर मजकूर साहित्याच्या दुप्पट. गणितात बीजगणित आणि फलनं 40 ते 45 टक्के, विदा (डेटा) आणि सांख्यिकी 20 ते 25, उरलेलं संख्या, प्रमाण, भूमिती यांवर, पण शक्यतो एखाद्या प्रत्यक्ष परिस्थितीत गुंफून. दोन्ही विषय मिळून साडेचार-पाच तासांच्या वर जाऊ नका. 'पार्क'ची परीक्षा 2015 मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा ती इतकी लांब होती आणि वर्षातून दोनदा बसावं लागायचं, की पुढच्याच वर्षी सुमारे 90 मिनिटं कापावी लागली आणि दोन खेपांची एक करावी लागली. तोवर अनेक राज्यं दाराबाहेर पडू लागली होती.

प्रश्न लिहिताना नेहमी होणाऱ्या तीन चुका सांगतो.

पहिली, 'आधी उत्तर, मग पुरावा' अशा जोडप्रश्नांची. भाग अ मध्ये उताऱ्याचा निष्कर्ष, भाग ब मध्ये त्याला आधार देणारं वाक्य. कल्पना चांगली आहे, पण अ चुकला की ब आपोआप जातो. म्हणजे एका चुकीला दोनदा शिक्षा, आणि दोन प्रश्नांचं सोंग घेतलेला एकच प्रश्न. गुणदान अ बरोबर असेल तरच ब मोजायचं, की ब ला स्वतंत्र गुण, हे आधी ठरवा आणि विश्लेषणात जोडीला एकच प्रश्न धरा. नाही तर परीक्षेची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा घेतली तरी तसेच गुण येण्याची खात्री, कागदावर फुगते.

दुसरी चूक गणितातल्या 'वास्तव जीवनाच्या' प्रश्नांची. दोन ओळींची गोष्ट, तिच्या आत नेहमीचंच समीकरण. गोष्ट काढून टाकली तरी प्रश्न तसाच सुटत असेल तर ती गोष्ट म्हणजे वाचनाचा जास्तीचा कर आहे. इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना तो सगळ्यात जड जातो. परिस्थितीमुळे निर्णय बदलला पाहिजे: कोणती माहिती वापरायची, उत्तर कुठे गोलाकार करायचं, प्रारूप कुठे मोडतं.

तिसरी, कॅल्क्युलेटरची. डिजिटल सॅटमध्ये आलेख काढणारं डेस्मॉस कॅल्क्युलेटर आतच बसवलेलं आहे. त्यात वर्गसमीकरण टाकलं की मुळं आलेखावर डोळ्यांनी दिसतात. तेव्हा 'मुळं काढा' हा प्रश्न आता बीजगणित मोजत नाही, साधन वापरता येतं का ते मोजतो. तेही मोजायला हरकत नाही, पण ठरवून मोजा.

संख्येचा हिशोब अनेकदा कमी धरला जातो. समजा एका विषयाच्या परीक्षेत 45 प्रश्न आहेत आणि दोन वेगवेगळे संच, शिवाय 30 राखीव हवेत. म्हणजे वापरण्याजोगे 120. त्यासाठी साधारण 200 लिहावे लागतात. आशय आणि पूर्वग्रह तपासणाऱ्या समित्यांत चाळीसेक गळतात, उरलेले 160 प्रायोगिक चाचणीला जातात, तिथे आणखी चाळीस गळतात. गळण्याची कारणं ठरलेली: काठिण्यमूल्य (बरोबर सोडवणाऱ्यांचं प्रमाण) 0.30 च्या खाली किंवा 0.80 च्या वर, भेदनमूल्य (हुशार आणि कच्च्या मुलांत प्रश्न किती फरक करतो ते) 0.20 पेक्षा कमी, किंवा समान क्षमतेच्या दोन गटांना प्रश्न वेगळा वागवतो असं दिसणं. प्रत्येक प्रश्न निदान 1000 मुलांनी सोडवलेला हवा. हे प्रायोगिक प्रश्न खऱ्या परीक्षेतच न मोजले जाणारे म्हणून पेरावेत, प्रत्येकाला आठ. 160 प्रश्नांसाठी 20 आवृत्त्या होतात आणि 20,000 विद्यार्थी पुरतात. वेगळी प्रायोगिक परीक्षा घेतली तर मुलं ती मनावर घेत नाहीत आणि प्रश्न आहेत त्याहून अवघड भासतात. पुढच्या वर्षी गुण तुलनीय राहावेत म्हणून निदान 20 प्रश्न समान ठेवावे लागतात. ते फुटले तर दोन वर्षांची तुलनाच गेली.

निबंध तपासण्याचा खर्च सगळ्यात मोठा. दोन माणसांनी प्रत्येक निबंध तपासणं परवडत नाही. निदान 10 टक्के निबंध दुसऱ्या परीक्षकाने, पहिल्याचे गुण न बघता, तपासायचे. अचूक जुळणी 60 ते 70 टक्क्यांच्या खाली गेली की बहुतेक वेळा दोष परीक्षकांचा नसतो. रुब्रिकमध्ये (कशाला किती गुण ते सांगणाऱ्या तक्त्यात) 'पुरेसा', 'प्रभावी', 'सुसंगत' असे शब्द भरलेले असतात आणि नमुना-निबंध कमी असतात. प्रत्येक गुणासाठी तीन-चार नमुने द्या, त्यातला एक मुद्दाम सीमेवरचा. यंत्राने तपासायचं असेल तर माणूस-यंत्र जुळणी माणूस-माणूस जुळणीपेक्षा फार खाली नको, आणि छापील साच्यातले लांबलचक पण पोकळ निबंध यंत्रापुढे मुद्दाम टाकून पाहा.

उंबरठा कुठे मारायचा

रूढ मार्ग असा: विषयागणिक 15-20 शिक्षक, त्यात निम्मे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवणारे, तीन दिवस, तीन फेऱ्या. सोप्याकडून अवघडाकडे लावलेले प्रश्न हातात देतात आणि 'काठावरचा विद्यार्थी हा प्रश्न तीनपैकी दोनदा बरोबर सोडवेल का' असं विचारत, उत्तर 'नाही' होतं तिथे बुकमार्क ठेवायला लावतात. पद्धत चांगली आहे, पण एकटी कामाची नाही. शिक्षक सुजाण असले तरी त्यांच्या डोळ्यांसमोर 'असायला हवा तो' विद्यार्थी येतो आणि उंबरठा वर सरकतो. म्हणून दुसऱ्या फेरीत त्यांच्यासमोर आकडेवारी ठेवा: अमुक गुणांना पहिल्या वर्षी 'सी' मिळवणारे किती, आणि उंबरठा इथे ठेवला तर राज्यातली किती मुलं वर राहतात.

ती आकडेवारी आणायची कुठून? परीक्षा नवीन असेल तर भविष्यातल्या कॉलेजच्या ग्रेड अजून अस्तित्वातच नसतात. मॅसॅच्युसेट्सने 2015 मध्ये यावर चांगला तोडगा काढला. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्याच 866 विद्यार्थ्यांना 'पार्क' किंवा राज्याची जुनी एमकॅस परीक्षा द्यायला लावली आणि गुण त्यांच्या कॉलेजच्या ग्रेडशी ताडून पाहिले. गणितात सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण) 'पार्क'चा 0.43, एमकॅसचा 0.36, भाषेत दोन्हींचा 0.23. सांख्यिकीदृष्ट्या दोघी सारख्याच ठरल्या. फरक निघाला तो उंबरठ्यात. 'पार्क'च्या गणितात 'तयार' ठरलेली मुलं एमकॅसच्या 'प्रवीण' मुलांपेक्षा कॉलेजात चांगली निघाली, कारण तिथली रेघच वर मारलेली होती. परीक्षा बदलायची गरज आहे की नुसती रेघ हलवायची, हा प्रश्न कोट्यवधी डॉलरचा असतो आणि तो असा स्वस्तात तपासता येतो.

त्याच आकड्यांत दुसरीही गोष्ट दडलेली आहे. 0.43 चा वर्ग म्हणजे सुमारे 0.18: कॉलेजच्या गणिताच्या ग्रेडमधल्या फरकांपैकी पाचवा हिस्साही परीक्षेने उलगडत नाही. 0.23 चा वर्ग तर जेमतेम 0.05. (कॉलेजपर्यंत न पोचलेली मुलं नमुन्यात नसल्यामुळे सहसंबंध खरा आहे त्याहून कमी दिसतो, हे खरं, पण म्हणून तो दुप्पट होत नाही.) चार वर्षांच्या हायस्कूल ग्रेडची सरासरी, म्हणजे जीपीए, बहुतेक अभ्यासांत परीक्षेपेक्षा चांगला अंदाज देते, कारण तिच्यात वेळेवर काम देणं, चिकाटी, वर्गात येणं हे सगळं झिरपलेलं असतं. कम्युनिटी कॉलेजांच्या प्लेसमेंट टेस्टवरच्या 2012 च्या संशोधनात गणितात चारपैकी एक आणि इंग्रजीत तीनपैकी एक विद्यार्थी ठळकपणे चुकीच्या वर्गात टाकला गेल्याचं दिसलं, आणि त्यात 'येत असून खाली ढकललेले' जास्त होते. त्यामुळे 'तयार' ठरायचे दोन दरवाजे ठेवा: परीक्षेचे गुण किंवा ठरावीक विषयांसह ठरावीक जीपीए. दोन्ही नाहीत तरच 'अजून नाही'.

मापनातली चूकही लपवू नका. गुणांचं प्रमाण विचलन 100 आणि विश्वसनीयता 0.90 असेल, जी उत्तम मानली जाते, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण निव्वळ योगायोगाने जेवढे इकडेतिकडे होतात ते, 32 गुणांच्या आसपास येते. उंबरठ्याच्या 10 गुण खाली असलेल्या मुलाबद्दल परीक्षा खरं तर काहीच ठाम सांगत नाही. म्हणून मधला पट्टा ठेवायचा. कॅलिफोर्नियाने स्मार्टर बॅलन्स्ड परीक्षेची (केंद्राचे पैसे मिळालेल्या दुसऱ्या राज्यसमूहाची) चौथी पातळी 'तयार' आणि तिसरी 'सशर्त तयार' अशी धरली; सशर्त असलेल्याने बारावीला मान्य कोर्स चांगल्या ग्रेडने पूर्ण केला की तोही तयार.

रेघ वर ठेवायची की खाली, याचं उत्तर चुकीची किंमत कोण मोजतो यावर आहे. कॉलेजात जादा मदतीच्या तासासह थेट श्रेयांकाच्या कोर्सला बसवायची सोय असेल, तर एखादी अर्धवट तयारीची मुलगी आत आली म्हणून फारसं बिघडत नाही. रेघ खाली ठेवा. तशी सोय नसेल आणि नापास झालं की शिष्यवृत्ती जात असेल, तर वर.

अकरावीच का, आणि बारावीचं काय

केंद्राचा 2015 चा शिक्षण कायदा भाषा आणि गणिताची परीक्षा हायस्कूलच्या चार वर्षांत एकदा मागतो, विज्ञानाची दहावी ते बारावीत एकदा. दहावीला घेतली तर कॉलेजच्या गणिताचा बराच भाग शिकवून झालेला नसतो. बारावीला घेतली तर निकालावर काही करायला वेळ उरत नाही. अकरावीचा वसंत हाच व्यवहारी काळ. पण निकाल जूनच्या आत हाती हवा, कारण बारावीचं वेळापत्रक त्याआधीच ठरत असतं. उन्हाळाभर उंबरठा ठरवत बसलात आणि निकाल ऑक्टोबरमध्ये आला, जसं पहिल्या वर्षी होतंच, तर त्या वर्षीच्या मुलांसाठी सगळा खटाटोप वाया. पहिल्या वर्षीचा निकाल 'माहितीपुरता' असं आधीच जाहीर केलेलं बरं.

अकरावीची आणखी एक अडचण आहे. मे महिन्यात एपी परीक्षा (हायस्कूलमध्येच कॉलेजचे श्रेयांक मिळवायच्या), सॅट, खेळाचे सामने. राज्याच्या परीक्षेचं मुलाला काहीच मिळत नसेल तर तो बसत नाही. 2015 मध्ये वॉशिंग्टन राज्यात अकरावीच्या सुमारे निम्म्या मुलांनी स्मार्टर बॅलन्स्ड दिलीच नाही; केंद्राचा नियम 95 टक्के उपस्थितीचा आहे. धमकी देऊन हे सुधारत नाही. 'हे गुण मिळाले तर राज्यातल्या कोणत्याही सरकारी कॉलेजात प्लेसमेंट टेस्ट नाही' असं निकालपत्रावर कॉलेजच्या सहीनिशी छापलं की सुधारतं. तोच तो लेखी करार, ज्याने हे उत्तर सुरू झालं.

याचा सगळ्यात जुना चांगला नमुना कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचा आहे. 2004 च्या सुमारास त्यांनी राज्याच्या अकरावीच्या परीक्षेलाच शेपूट जोडलं: भाषा आणि गणित यांत 15-15 जादा प्रश्न आणि एक निबंध. नवीन परीक्षा नाही, वेगळा दिवस नाही. 'तयार' ठरलेल्याला विद्यापीठाची प्लेसमेंट माफ. न ठरलेल्यासाठी बारावीला स्रोतांवर आधारित वाचन-लेखनाचा खास कोर्स, जो विद्यापीठाच्या आणि हायस्कूलच्या शिक्षकांनी मिळून लिहिला. 2018 पासून विद्यापीठाने आपल्या प्लेसमेंट परीक्षाच बंद केल्या.

बारावीच्या जोडकोर्सबद्दल मात्र भाबडेपणा नको. टेनेसीने एसीटीच्या गणितात 19 च्या खाली असलेल्यांसाठी बारावीतच संगणकावर आधारलेला गणिताचा उजळणी कोर्स सुरू केला. त्यामुळे मुलांची कॉलेजातली उजळणी टळली आणि श्रेयांकाच्या वर्गात थेट जायची वाट मोकळी झाली, हे खरं. पण नंतरच्या मूल्यमापनात गणित सुधारल्याचा पुरावा सापडला नाही. वर्षभर त्याच त्या बीजगणिताच्या पायऱ्या पडद्यावर टिचकवत नेल्या तर दुसरं काय होणार? जोडकोर्स पहिल्या वर्षाच्या कोर्सची हळू चालीची आवृत्ती असावा, आठवीची पुनरावृत्ती नव्हे.

डिप्लोमा या उंबरठ्याला बांधू नका, हे माझं ठाम मत. तांत्रिक कारण असं, की परीक्षा जिथे जास्त प्रश्न ठेवते तिथेच ती अचूक असते. कॉलेजच्या उंबरठ्याभोवती प्रश्न दाटीने ठेवले तर किमान पातळीच्या आसपास ती ढोबळ होते आणि नेमकं तिथे मुलाचा डिप्लोमा अडकलेला असतो. राजकीय कारण त्याहून सोपं: रेघ वर असेल तर हजारो मुलं अडतात आणि एक-दोन वर्षांत ती गुपचूप खाली येते. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी तर नोव्हेंबर 2024 मध्ये एमकॅस पास होण्याची डिप्लोमाची अटच काढून टाकली.

सॅट किंवा एसीटीच राज्याची परीक्षा म्हणून घेणं हा जवळचा रस्ता. मिशिगनने 2007 मध्ये एसीटीपासून सुरुवात केली, 2016 मध्ये सॅटवर गेलं. फायदा खरा आहे: मुलं मनापासून देतात, आणि शाळेच्या दिवशी फुकट झाल्यामुळे एरवी न देणारी पुढे येतात. मिशिगनमधल्याच अभ्यासात दिसलं की आपणहून परीक्षा देऊन तयार ठरणाऱ्या दर 10 गरीब मुलांमागे आणखी पाच तशीच तयार मुलं परीक्षेला बसतच नव्हती. तोटा हा, की या परीक्षा राज्याच्या अभ्यासक्रमावरून बनलेल्या नाहीत. केंद्राच्या तपासणीत न जुळणारे भाग दाखवले जातात आणि जादा प्रश्न जोडावे लागतात. शिवाय सवलतीसह परीक्षा दिलेल्या अपंग विद्यार्थ्याचे गुण कॉलेजला प्रवेशासाठी चालतील का, हे कंत्राटावर सही करण्याआधी विचारून घ्या.

करिअरची बाजू

इथे बहुतेक राज्यांचे कागद पातळ होतात. 'कॉलेज आणि करिअरसाठी तयार' असं एका दमात म्हणतात आणि मोजतात फक्त कॉलेज. गृहीत असं, की दोन्हींना सारखंच वाचन-गणित लागतं. पायापुरतं ते खरं असेलही. पण वेल्डर, दंतवैद्याची सहायक आणि गोदामाचा पर्यवेक्षक यांना लागणारं गणित एका परीक्षेत कोंबता येत नाही, कोंबूही नये.

नोकरीची कौशल्यं तपासणारी वर्ककीज परीक्षा निदान प्रामाणिक आहे: उपयोजित गणित, तक्ते-आलेख वाचणं, कामावरचे कागद वाचणं, एवढंच ती मोजते. तिन्हींत पातळी 3 ला कांस्य, 4 ला रौप्य, 5 ला सुवर्ण, 6 ला प्लॅटिनम प्रमाणपत्र. मिशिगनने अकरावीला तीही घेतली आहे. अडचण परीक्षेची नाही. त्या भागातले मालक भरतीच्या वेळी ते प्रमाणपत्र विचारतात का, ही आहे. विचारत नसतील तर आणखी एक सकाळ वाया.

केंटकीने 2009 च्या कायद्यानंतर जी रचना केली ती अजूनही विचार करण्याजोगी आहे. करिअरसाठी तयार ठरायला दोन खांब: एक शैक्षणिक (वर्ककीज किंवा सैन्यभरतीची एएसव्हीएबी) आणि एक तांत्रिक (राज्याची व्यवसायकौशल्य परीक्षा किंवा उद्योगाचं प्रमाणपत्र). एकाने भागत नाही. पण शाळांचं मूल्यांकन प्रमाणपत्रांच्या संख्येवर आलं की काय होतं ते ओळखीचं आहे: 10 तासांचं सुरक्षा कार्ड आणि वर्ड प्रोसेसरचं प्रमाणपत्र शेकड्यांनी वाटलं जातं, कारण ती स्वस्त आणि सोपी असतात. उपाय म्हणजे मान्य प्रमाणपत्रांची यादी दर दोन वर्षांनी रोजगार खात्याच्या वेतनाच्या नोंदींशी ताडून गाळायची, आणि प्रत्येक प्रमाणपत्राला त्यासाठी लागणाऱ्या तासांप्रमाणे वजन द्यायचं.

कामावर लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे सादरीकरण, गटात काम, दुरुस्त करत लिहिणं, तीन तासांच्या परीक्षेत येत नाहीत. न्यू यॉर्कमधल्या काही शाळांच्या समूहाने त्यासाठी चार कामं ठरवली आहेत: साहित्यावर विश्लेषणात्मक निबंध, सामाजिक शास्त्रांत संशोधनलेख, विज्ञानाचा प्रयोग आणि गणिताचं उपयोजन, ती लिहून बाहेरच्या परीक्षकांपुढे तोंडी मांडायची. न्यू हॅम्पशायरने 2015 मध्ये केंद्राची परवानगी घेऊन काही जिल्ह्यांत अशी कामं थेट राज्याच्या परीक्षेच्या जागी आणली. यात दोन जिल्ह्यांतले गुण तुलनीय ठेवणं फार कष्टाचं असतं. शिक्षकांना दर उन्हाळ्यात एकमेकांची कामं नाव झाकून तपासावी लागतात, आणि तो पैसा अंदाजपत्रकात पहिल्यांदा कापला जातो. माझ्या मते अशी कामं डिप्लोमाच्या बाजूला ठेवावीत आणि 'तयार' या शिक्क्यापासून दूर. तिथे ती शिकवणं सुधारतात. शिक्क्यात घातली की दोन वर्षांत साचेबंद होतात.

कालमर्यादा विचाराल तर: कॉलेजांशी करार आणि कच्चा माल एक वर्ष, प्रश्नलेखन आणि समित्या एक वर्ष, पेरलेली प्रायोगिक चाचणी एक वसंत, मग पहिली खरी परीक्षा. चौथ्या वर्षाच्या आत करू म्हणणाऱ्या कंत्राटदारावर विश्वास ठेवू नका. पहिली तुकडी कॉलेजचं पहिलं वर्ष संपवते ती परीक्षेनंतर दोन वर्षांनी. त्या उन्हाळ्यात नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या, कॉलेजप्रवेशांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या नोंदींतून कोण कुठे दाखल झालं ते काढायचं, सरकारी कॉलेजांकडून ग्रेड घ्यायच्या आणि 75 टक्क्यांची रेघ खरोखर 75 वर आहे का ते कॉलेजनिहाय पाहायचं. उजळणीच्या वर्गात टाकलेल्यांना श्रेयांकाच्या कोर्सची ग्रेडच नसते, हे हिशोबात धरा. नाही तर खालच्या गुणांवरचा आलेख खोटा चांगला दिसतो. रेघ पाच-सहा गुणांनी सरकली तर हलवू नका, त्रुटीच तेवढी आहे. तीस-चाळीसने सरकली असेल तर पुन्हा समिती बोलवा, आणि या वेळी तिच्यापुढे पहिल्याच दिवशी खऱ्या ग्रेड ठेवा.